सीधी जाणारी गाडी

आमच्या देशमुखांनी शर्यतीची मोटार घेतली तेव्हा गावापासून भूमपर्यंत शर्यत लावण्याजोगा रस्ता नव्हता आणि शर्यत लावायला दुसरी मोटारही नव्हती. गाडी पुण्याच्या कुणा हौशी माणसानं वापरून, कंटाळून विकलेली होती. लांब नाक, उघडं अंग, बसायला दोघांचीच जागा. पाठीमागचं झाकण उघडलं की तिसऱ्याला कसंबसं बसता येईल एवढा खळगा निघे, त्याला डिकी म्हणत. ती इतकी ठेंगणी होती की बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा तिचं पोट खरवडून काढायचा. गावकऱ्यांनी तिला ‘घोरपड’ म्हणायला सुरुवात केली. हे देशमुखांच्या कानावर घालण्याची हिंमत कुणी केली नाही.

मी गढीवर इंग्रजी वाचायला होतो. निजामाचं राज्य, म्हणून कचेरीचा कारभार उर्दूत आणि घरातलं बोलणं मराठीत, पण जर्मनीशी चाललेल्या लढाईच्या दिवसांत पेट्रोलच्या परवान्यापासून रेडिओच्या चोपडीपर्यंत बरंच काही इंग्रजीत यायला लागलं होतं. पूर्वी शाळेत शिकवत होतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. काम हलकं होतं. महिन्यातले बरेच दिवस मी माडीवर बसून देशमुखांची पुस्तकं वाचत असे. ती त्यांनी कापडी बांधणी पाहून घेतलेली होती, त्यामुळं आतली न कापलेली, जोडलेली पानं फाडून उघडायचं भाग्य मलाच मिळालं.

देशमुखांना अभिमान दोन गोष्टींचा होता, या गाडीचा आणि आपल्या उर्दूचा. तरुणपणी ते काही वर्षं हैदराबादेत राहिले होते. तिथं एका मौलवीसाहेबांकडून अस्सल, किताबी उर्दू शिकून आले होते. आमच्याकडच्या बाजारात जी उर्दू बोलली जाते ती त्यांच्या मते मराठीनं बिघडवलेली आणि कानडीनं बाटवलेली होती. हमाल, खाटीक, तांगेवाले यांच्या व्याकरणातल्या चुका ते रस्त्यात थांबून दुरुस्त करत. हमालाच्या डोक्यावर त्या वेळी पोतं असलं तरी.

त्यांच्या हातून सगळ्यात जास्त दुरुस्त झालेला माणूस म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. त्याला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीकडं झुकलेला, बडबड्या, थोडा बढाईखोर माणूस. हैदराबादेत एका नवाबाकडं गाडी चालवली असं तो सांगे, आणि त्या नवाबाच्या गाड्यांची संख्या ऐकणाऱ्यागणिक वाढत जाई. गढीच्या तबेल्याला लागून एक खोली होती. तीत तो, त्याची बायको आणि त्याची जवळजवळ आंधळी झालेली आई, अशी तिघं राहत. म्हातारी दिवसभर दारात बसून तांदूळ निवडायची. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळं खडे बोटांनी ओळखायची. ती खोली हीच उस्तादची सगळी मालमत्ता होती, आणि तीही त्याच्या नावावर नव्हती.

गाडीचे पुढचे टायर फाटले ते लढाई ऐन भरात असताना. तेव्हा नवा टायर मिळणं कलेक्टरच्या मुलीचं स्थळ मिळण्याइतकं अवघड होतं. परवाना लागे, परवान्याला शिफारस लागे आणि शिफारशीला ओळख लागे. गुलबर्ग्याला सुभ्याचे एक बडे साहेब होते. त्यांच्या कानावर हे दुःख गेलं आणि त्यांच्या मेहेरबानीनं दोन टायरांचा परवाना आला. सोलापूरहून टायर आले. बार्शीच्या बाजूच्या करोडगिरी नाक्यावर त्यांची जकात भरून झाली, आणि बैलगाडीतून, गोणपाटात गुंडाळलेले ते टायर गढीत उतरले. देशमुखांनी हार घातले. नंतर मला बोलावून टायरवरची उठावदार अक्षरं मोठ्यानं वाचायला लावली. मी मापाचे आकडे फर्मान वाचावं तसे वाचले आणि जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

उस्तादनं दोन्ही टायर पुढं बसवले. पाठीमागचे जुनेच राहिले. देशमुख गाडीत बसले, वेशीपर्यंत गेले आणि परत आले ते लाल होऊनच.

“ही डावीकडं का ओढते?”

“जी सरकार,” उस्ताद म्हणाला, “उल्टे हाथ कू खिंचरी.”

“उलटे हाथ नाही. बाएँ. बाएँ हाथ. किती वेळा सांगायचं?”

“जी, बाएँ. खिंचरी तो है.”

गाडी डावीकडं ओढत होती यात शंका नव्हती. चाक हातात घट्ट धरलं नाही की ती रस्ता सोडून बाभळींकडं निघे. देशमुखांनी खाली उतरून एक नजर टायरांकडं टाकली आणि एक उस्तादकडं. टायर साहेबांच्या मेहेरबानीचे. राहिला उस्ताद.

“बसवले कुणी?”

“म्याच बसवले, सरकार.”

“मग? साहेब दौऱ्यावर निघालेत. भूमच्या डाकबंगल्यावर मुक्काम आहे, तिथून आम्ही त्यांना या गाडीतून गावात आणणार. तोवर गाडी सरळ झाली नाही तर खोली मोकळी कर. आम्ही दुसरा माणूस बघू.”

ते रागानं बोलले असते तर उस्तादनं मनावर घेतलं नसतं. पण ते शांतपणे बोलले, आणि तसं बोललेलं ते नेहमी खरं करत. लढाईमुळं पेट्रोल आटलेलं, चारदोन होत्या त्या मोटारी विटांवर चढवून ठेवलेल्या. आमच्या भागात ड्रायव्हरला दुसरं काम मिळणं शक्य नव्हतं. खोली गेली असती तर म्हातारीला घेऊन तो कुठं जाणार होता, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही.

त्या दुपारी तो माडीखाली येऊन उभा राहिला. “मास्तरसाब, ये विलायती चीज है. तुम विलायती पढते. जरा देखो ना.”

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. गाडीबरोबर आलेली इंग्रजी चोपडी मी वाचली होती. तीत गाडी सरळ जाते असं गृहीत धरून पुढची सगळी पानं लिहिलेली होती. पण वाचनाशिवाय मला उद्योग नव्हता आणि उस्तादचा चेहरा पाहवत नव्हता. मी खाली उतरलो.

पहिल्यांदा आम्ही हवा पाहिली. दोन्ही चाकांत सारखी होती. मग मला वाटलं, रस्त्याचाच दोष असेल. आमचा रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता, आणि गाडी तर डाव्या अंगानंच चालणार. म्हणून आम्ही ती गावाबाहेरच्या माळावर नेली. तिथली जमीन ताटासारखी सपाट. तिथंही ती डावीकडंच गेली. जाताना एवढी कलली की चरणाऱ्या शेळ्या पांगल्या.

शेळ्यांमागचा म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकवून पाहत होता. “उस्ताद,” तो म्हणाला, “डाव्या बैलाला चारा कमी टाका की. लई जोर करतोय.”

“बैल नहीं है इसमें, बाबा.”

“मंग उजव्याला टाका. त्यो अंगचोर हाय.”

“अरे, बैलच न्हाय म्हनलं ना!”

“बैल न्हाय तर वढतंय कोन?” धनगर म्हणाला, आणि पांगलेल्या शेळ्या गोळा करायला निघाला.

उस्तादचा संशय ब्रेकवर होता. डाव्या चाकाचा ब्रेक चिकटून राहतो, म्हणून ते चाक अडतं आणि गाडी त्या अंगाला फिरते, असं त्याचं म्हणणं. नवाबाच्या गाडीला असंच झालं होतं. नवाबाच्या गाडीला सगळंच झालेलं होतं. त्यानं चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवलं. चाक राहाटासारखं मोकळं फिरलं. उजवंही तसंच. तरीही त्यानं दोन्ही ब्रेक उघडले, साफ केले, परत बसवले. गाडी डावीकडंच. नंतर मी सुतळी आणली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही अंगांनी मोजलं, की आस वाकडा झालाय का ते कळावं. अंतर सारखं भरलं. पाट्यांच्या स्प्रिंगा पाहिल्या. तिथंही काही नाही.

या सगळ्यात बरेच दिवस गेले. पेट्रोल कमी होतं, म्हणून रोज एकच फेरी. रोज संध्याकाळी देशमुख माडीवरून विचारत, “झाली का?” आणि उस्ताद खाली पाहून म्हणे, “होरी, सरकार.” त्याची बडबड हळूहळू बंद पडली. नवाबाचं नावही निघेनासं झालं. एकदा मी त्याच्या दारावरून जात होतो तेव्हा म्हातारी आवाजाच्या रोखानं मान वळवून म्हणाली, “मास्तर का? गाडी अच्छी होई क्या, बेटा?” मी होईल म्हणालो. तिनं बोटांत सापडलेला खडा बाजूला टाकला.

शेवटी मला जे सुचलं ते मोटारीच्या विद्येतलं नव्हतं. शाळेत गणित चुकलं की मी मुलांना एकच आकडा बदलून पाहायला सांगत असे. मी म्हणालो, “उस्ताद, डाव्या बाजूचा टायर उजवीकडं घाला आणि उजवीकडचा डावीकडं. बाकी कशाला हात लावू नका. तरीही डावीकडंच ओढली, तर दोष गाडीत. ओढ बदलून उजवीकडं गेली, तर दोष टायरमध्ये.”

“टायर नवा है, मास्तर. नवे में क्या दोष?”

“बघू तर.”

“साब लोगां के टायर हैं,” तो हळूच म्हणाला. त्याची खरी अडचण ती होती. टायरमध्ये दोष निघणं हा आमच्याकडं साहेबांमध्ये दोष निघण्यासारखा प्रकार होता.

तरी त्यानं टायर बदलले. दुपार कलली होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही गढीसमोरच्या मोकळ्या पटांगणातून निघालो. त्यानं चाकावरची पकड सैल केली. गाडीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि सावकाश, सभ्यपणे उजवीकडं वळायला लागली.

उस्तादनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळलेला मी पाहिला. त्यानं दुसरी फेरी मारली. पुन्हा उजवीकडं. दोष त्याच्या हाताचा नव्हता, बसवण्याचा नव्हता, ब्रेकचा नव्हता. माडीवर देशमुख येऊन उभे होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “झाली का?”

उस्ताद गाडीत उभा राहिला आणि आनंदानं ओरडला, “सरकार! अब सीधी जारी!”

“शाबास!” देशमुख म्हणाले, आणि आत गेले.

आमच्याकडच्या दख्खनीत उजव्या हाताला सीधा हात म्हणतात आणि डाव्याला उलटा. हे मराठी बोलणाऱ्यालाही माहीत असतं, कारण बाजारात दिवसातून दहादा कानावर येतं. उस्तादनं सांगितलं होतं, की आता ती उजवीकडं जाते, म्हणजे चोर सापडला. देशमुखांनी किताबी उर्दूत ऐकलं होतं, की आता ती सरळ जाते. उस्तादच्या आवाजातल्या आनंदानं त्या अर्थावर शिक्का मारला.

हे आमच्या लगेच ध्यानात आलं नाही. आम्हाला वाटलं, शाबासकी शोधाबद्दल मिळाली. आम्ही सुतळीनं दोन्ही टायरांचा घेर मोजला, तर एक टायर बोटभर कमी भरला. उस्तादनं त्यावर नख चालवून पाहिलं. कडेला एक शिवण लागली. जुना, झिजलेला टायर घेऊन त्यावर नवं रबर चढवलं होतं आणि वरून काळं फासलं होतं. लढाईत असले टायर बरेच निघाले होते. तो जोडीदारापेक्षा लहान होता, म्हणून ज्या अंगाला असेल त्या अंगाला गाडी ओढत होता. उपाय सोपा होता. पाठीमागची जुनी जोडी एकसारखी झिजलेली होती. ती पुढं आणायची आणि ही जोडी मागं टाकायची. तासाभराचं काम.

हे सांगायला आम्ही माडीवर गेलो, तेव्हा देशमुखांसमोर तहसिलीतले दोन कारकून चहा पीत बसले होते आणि देशमुख त्यांना सांगत होते, “आता कशी तिरासारखी जाते.”

उस्तादनं घसा साफ केला. “सरकार, टायर आगे का पीछे करना पडता.”

“का? सरळ जाते ना?”

“नै सरकार. सीधी जारी.”

कारकुनांनी एकमेकांकडं पाहिलं. देशमुखांनी कप खाली ठेवला. “सीधी जाते आणि सरळ जात नाही?”

“सीधी मतलब...” उस्तादनं उजवा हात वर केला. “सीधे हाथ कू.”

“त्याला दाहिना म्हणतात,” देशमुख म्हणाले. “दाहिना. सीधा म्हणजे सरळ. तू सीधी म्हणालास, आम्ही ऐकलं. आता आम्हाला उर्दू तू शिकवणार?”

“तौबा सरकार, मैं क्या...”

मी मध्ये पडलो. म्हणालो की इकडच्या बोलीत सीधा म्हणजे उजवा, आणि मी स्वतः गाडीत होतो, ती उजवीकडं ओढते. टायर मागं टाकला की झालं. देशमुखांनी माझ्याकडं वळून अतिशय सौजन्यानं म्हटलं, “मास्तर, इंग्रजी तुमचं. ते तुम्ही पाहा. साहेबांनी दिलेले टायर मागं आणि फाटके पुढं? साहेब कुठं बघणार, आमच्या डिकीत?”

कारकून हसले. विषय संपला. देशमुखांना आपली चूक कळली नव्हती असं मला वाटत नाही. ती कारकुनांदेखत कळली होती, म्हणून तिला जागा नव्हती. आम्ही जिना उतरलो. उस्ताद पायरीवर बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहू लागला. मग म्हणाला, “मेरी अम्मा ने तो यही हाथ कू सीधा बोली थी, मास्तर. मैं अब उसकू क्या बोलूं?”

मी त्याला परस्पर टायर बदलून टाकायला सुचवलं. तो म्हणाला, साहेब नव्या टायरांकडं पाहणार आणि सरकार बोट दाखवणार, तिथं जुना निघाला तर खोली त्याच दिवशी गेली. त्याचं बरोबर होतं. नवे टायर पुढं ठेवले तर निदान आशा होती, की तो स्वतः चालवेल आणि चाक दाबून धरेल.

पण गाडीत जागा दोनच. साहेब एका जागेवर. दुसऱ्या जागेवर ड्रायव्हर बसला, तर देशमुखांना डिकीत बसावं लागणार. म्हणून देशमुखांनी स्वतः गाडी चालवायची ठरवली आणि उस्तादला डिकीत टाकलं.

साहेब येण्याच्या दिवशी वेशीपाशी कमान उभारली होती. बांबूंची, वर आंब्याचे टहाळे, लाल कापडावर उर्दूत स्वागताची अक्षरं. दोन्ही बाजूंना माणसं बोलावून उभी केली होती. सकाळपासून उन्हात उभी असल्यामुळं त्यांच्या चेहऱ्यांवर स्वागताचा भाव उरला नव्हता. मी शाळेच्या मुलांजवळ होतो. दुरून धूळ दिसली. मग घोरपड दिसली. साहेब आडव्या बांध्याचे, शेरवानीत. देशमुखांनी दोन्ही हातांनी चाक इतकं आवळून धरलं होतं की खांदे कानांना लागले होते. म्हणजे वाटेत त्यांना कळलं होतं. डिकीतून उस्तादचं डोकं तेवढं वर दिसत होतं आणि त्याची नजर देशमुखांच्या हातांवर होती.

कमानीपर्यंत ते नीट आले. मग ताशा वाजला, लोकांनी मुजरे केले आणि देशमुखांनी सवयीनं सलाम घ्यायला हात उचलला.

एका हातात गाडी राहिली नाही. ती उजवीकडं वळली आणि कमानीच्या खांबात शिरली. वेग फारसा नव्हता. कमान सावकाश, खूप विचार केल्यासारखी खाली आली आणि टहाळ्यांसकट तिघांवर पसरली. माणूस कुणी दगावला नाही. एक दिवा फुटला, पुढचा पत्रा दबला, साहेबांची टोपी गेली. लोक हसले नाहीत. आमच्याकडची माणसं असल्या वेळी हसत नाहीत, ते घरी जाऊन हसतात.

साहेब पानांतून बाहेर आले, शेरवानी झटकली. देशमुख सारखे म्हणत होते, “हुजूर, ड्रायव्हरनं सांगितलं होतं की गाडी सरळ जाते. यानं सांगितलं होतं.”

साहेबांनी उस्तादला पुढं बोलावलं. “क्यों मियाँ, क्या कहा था तुमने?”

उस्तादच्या कपाळावर खरचटलं होतं. “सीधी जारी बोला था, हुजूर.”

“सीधी?”

उस्तादनं उजवा हात वर केला.

साहेबांनी त्या हाताकडं पाहिलं, मोडलेल्या खांबाकडं पाहिलं, आणि ते हसायला लागले. साहेब जन्मानं हैदराबादचे होते. “तो सच ही तो बोला बेचारा! सीधी ही तो गई!” मग देशमुखांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देशमुखसाहब, हमारे घर में भी सीधा हाथ ही बोलते हैं. दाहिना तो किताबों में होता है.”

आता मात्र लोक हसले. साहेबच हसले म्हटल्यावर हसणं भाग होतं. कारकून हसले, ताशेवाले हसले, शाळेतली मुलं काही न कळता हसली. देशमुखही हसले, आणि सगळे थांबल्यावरही थोडे हसत राहिले. उस्ताद एकटा हसला नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माझ्या मते त्याच क्षणी त्याची खोली गेली. गाडी आपटली हे देशमुख विसरले असते.

साहेब गेल्यावर मी देशमुखांकडं शब्द टाकला. साहेबांनीच उस्तादला निर्दोष म्हटलं, असं मी म्हणालो. त्याहून वाईट वकिली मला करता आली नसती.

“मास्तर,” ते म्हणाले, “गाडीचं काही नाही. पत्रा ठोकून निघेल.” आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

उस्ताद गेला तो बैलगाडीतून. त्याच्या बायकोचं माहेर तुळजापूरच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या बाजूला होतं. म्हातारीला सामानावर बसवलं. तिला वाटत होतं की गाडी सुधारली म्हणून रजा मिळाली. कुणी तिचा समज दूर केला नाही. उस्ताद मला म्हणाला, “उधर मोटार नै है, मास्तर. बैल सीख लेता.” हसायचा त्याचा प्रयत्न होता, तो अर्ध्यावर राहिला. दुसरा ड्रायव्हर कधी आला नाही. गाडी तबेल्यात विटांवर चढली, आणि टायरांतली हवा आपोआप गेली.

पुढं लढाई संपली आणि आमच्याकडं वेगळीच सुरू झाली. रझाकारांचे दिवस आले. कोण रात्री कुठं जातं, कोण कुणाचा, हे विचारायची सोय राहिली नाही. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. चार दिवसांत निजामी संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात जे झालं, ते ज्यांनी केलं ते बोलत नाहीत आणि ज्यांच्यावर झालं त्यांतले बरेच बोलायला राहिले नाहीत. आधी झालेल्याचा सूड, असं त्याला म्हणण्यात आलं. ज्यांनी आधी केलं होतं ते बहुतेक आधीच पळाले होते.

देशमुखांच्या बाजूनं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. त्या दिवसांत त्यांनी गढीचा दरवाजा बंद करून घेतला आणि स्वतः बंदूक मांडीवर घेऊन आत बसले. त्यांचा स्वयंपाकी, म्हातारा पहारेकरी, घोडेवाला, तिघेही मुसलमान, आणि त्या तिघांची बायकापोरं तिथं होती. बाहेर जमाव आला तेव्हा ते माडीवरून म्हणाले, “ही माझी माणसं आहेत.” अस्सल मराठीत म्हणाले. जमाव थोडा वेळ थांबला आणि गेला. गढीतल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. मी आतच होतो, मी पाहिलं आहे. त्या वेळी ते कुणाला दाखवण्यासाठी काही करत नव्हते. मी त्यांना तसं एवढ्या वेळेलाच पाहिलं.

शांत झाल्यावर मी तुळजापूरच्या पलीकडं, उस्तादच्या सासुरवाडीच्या गावी जाऊन आलो. गावाचं नाव लिहीत नाही. त्याच्या सासरच्या आळीतल्या बऱ्याच घरांना छप्पर नव्हतं. पारावर एक शेतकरी बसला होता, त्याला मी विचारलं.

“मोटारवाला व्हय?” तो म्हणाला. “व्हता की. माज्याच शेतावर औत हाकायचा. लई बोलायचा.”

“आणि आता?”

त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. “तुमी कोन त्येचे?”

एके ठिकाणी कामाला होतो, म्हणालो.

“मंग जावा आता,” तो म्हणाला. “ऊन व्हतंय.” मी म्हातारीचं विचारलं. तो उठून गेला.

परत आल्यावर मी देशमुखांना सांगितलं. तोवर त्यांच्या डोक्यावरची तुर्की टोपी जाऊन पांढरी आली होती आणि उर्दूचा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून ते बोलताना थबकत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माडीच्या खिडकीतून खाली तबेला दिसत होता, आणि त्याला लागून ती खोली. दाराला बाहेरून कडी होती. उस्ताद गेल्यापासून तीत कुणी राहिलं नव्हतं.

“रिकामीच होती की,” देशमुख म्हणाले.

ते मला म्हणाले की स्वतःला, ते मला समजलं नाही. मी पुढचं पान उघडलं आणि त्या दिवशीची इंग्रजी बातमी वाचायला लागलो. त्यांनी थांबवलं नाही, आणि ऐकलंही नसावं.